महामारीत घरातल्या वयस्कर, आजारी माणसांना काही होईल या धास्तीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील सत्तरीच्या पुढचे, त्यांना मधुमेह. आईला दमा. तुम्हाला कामासाठी रोज बाहेर पडावंच लागतं. कोरोनाच्या लाटांमध्ये 'माझ्यामुळे यांना काही झालं तर' या विचाराने तुमची झोप उडाली होती आणि आता कुठल्याही साथीची बातमी आली की तीच धाकधूक पुन्हा सुरू होते. लांब राहणारा भाऊ फोनवरून रोज नव्या सूचना देतो, तो ताप वेगळाच.

'सकारात्मक विचार करा' असं मी सांगणार नाही. त्या काळात मला हा सल्ला इतक्या जणांनी दिला, की तो देणाऱ्याचा फोन उचलायचा मी बंद केला होता. धास्ती बिनबुडाची असती तर समजुतीने गेली असती. तुमच्या धास्तीला बूड आहे. वय आणि जुने आजार यांनी कोरोनातला धोका खरोखरच वाढत होता, तोही झपाट्याने. लस येण्याआधीच्या काळातली वेगवेगळ्या देशांची आकडेवारी एकत्र करून २०२० साली एक अंदाज मांडला गेला. त्यानुसार संसर्ग झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण पंचावन्नाव्या वर्षी साधारण ०.४ टक्के, पासष्टाव्या वर्षी १.४, पंचाहत्तराव्या वर्षी ४.६ आणि पंच्याऐंशीव्या वर्षी १५ टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे भीतिदायक आहेतच. पण रात्री दोन वाजता आपलं मन यातला एकही आकडा वापरत नाही, ते थेट शंभर टक्के धरून चालतं. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातला प्रकार. पंचाहत्तरीतल्या माणसांपैकीही बहुतेक जण, लस नसताना, त्यातून उठले होते.

दुसरं म्हणजे प्रत्येक साथीत जोखमीची माणसं तीच नसतात. १९१८ च्या फ्लूने ऐन विशी-तिशीतली माणसं मोठ्या संख्येने नेली. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये गरोदर बायकांना आणि तुलनेने तरुण लोकांना जास्त जपावं लागलं. त्यामुळे नवी साथ आली की 'या आजारात नेमकं कोण अडचणीत येतंय' हे आधी बघायचं. कदाचित तुमच्या घरात जपायचं माणूस आई-वडील नसून तुमची बायको किंवा मुलगा असेल.

आता माझं खरं म्हणणं. आपण सगळी काळजी एकाच दारावर उभी करतो: आजार घरात येऊ नये. आणि आला, तर आपल्याला तो वेळेवर कळेल का, याचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, फुप्फुसाचा जुना आजार आहे. त्यामुळे आमच्या घरात ही धास्ती कायम मुक्कामाला होती. ती जराशी उतरली ती सॅनिटायझरने नाही. 'आजार आला तर पहिल्या दिवसापासून काय करायचं' हे ठरवून झालं, तेव्हा उतरली.

येऊ न देण्याबद्दल आधी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळ्यांनी भरपूर ऐकलंय. सुरुवातीला आपण पिशव्या पुसत बसलो, दाराच्या कड्या पुसत बसलो. नंतर चित्र बदललं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त एकाहूनही कमी आहे. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या माहितीत बदल करून बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेतल्या हवेतून होणाऱ्या प्रसाराचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे श्वासातून पसरणारा आजार असेल तर पुसापुशीत घालवलेला वेळ खिडक्यांवर घालवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, बाहेरून आलेल्याच्या तोंडावर नीट बसणारा एन-९५, आणि गर्दीच्या बंद जागेतून आल्यावर एक-दोन दिवस आई-वडिलांच्या अगदी जवळ बसणं टाळणं. लस उपलब्ध असेल तर ती आई-वडिलांनी घ्यायचीच, पण तुम्हीही घ्यायची. म्हाताऱ्या शरीरात लसीला मिळणारा प्रतिसाद अनेकदा कमी असतो, म्हणून आसपासच्यांची लस त्यांच्या कामी येते. हात धुवा, ते सोडू नका. पण हात धुऊन धुऊन कातडी सोलवटायची गरज नाही.

आता ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही ते.

म्हाताऱ्या माणसाचा आजार आजारासारखा दिसतोच असं नाही. आपण तापाची वाट बघत थर्मामीटर घेऊन बसतो आणि ताप येतच नाही. उतारवयात शरीराचं नेहमीचं तापमानच थोडं कमी असतं आणि संसर्गाला तापाने उत्तर द्यायची ताकदही कमी झालेली असते. त्यामुळे तरुणाच्या बाबतीत आपण ज्याला 'कणकण' म्हणून सोडून देऊ, तेवढ्या तापमानाकडेही त्यांच्या बाबतीत लक्ष द्यायला हवं. काही वेळा तर पहिलं लक्षण अगदी भलतंच असतं: अचानक गोंधळणं, वेळ-काळाचं भान सुटणं, दिवसभर झोपून राहणं, जेवण अर्धं टाकणं, तोल जाऊन पडणं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या, पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या ८१७ कोरोनाग्रस्तांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २८ टक्के लोकांमध्ये असा अचानक आलेला गोंधळ आढळला. आणि गोंधळ आढळलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना ताप, धाप अशी नेहमीची लक्षणं नव्हतीच. 'वय झालंय, होतं असं कधीकधी' म्हणून घरच्यांनी सोडून द्यावं, नेमकं असंच हे लक्षण आहे.

म्हणून साथ नसताना एक काम करा. वडिलांचं 'नेहमीचं' काय आहे ते लिहून ठेवा. सकाळी उठल्यावरचं तापमान, बसल्या जागी ऑक्सिजनची पातळी, नाडी, साखर साधारण किती असते, किती चालल्यावर धाप लागते, दिवसा किती झोपतात. आजारात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'यांचं एरवी किती असतं?' आणि तेव्हा घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ऑक्सिमीटरबद्दल दोन गोष्टी, कारण त्या चिमट्याने आमच्या घरात जेवढी घबराट केली तेवढी बातम्यांनीही केली नसेल. एका संध्याकाळी बाबांच्या बोटावर तो लावला आणि ८८ दिसलं. माझ्या पोटात गोळा आला, नवरा गाडीची किल्ली शोधायला लागला. बाबा मात्र आमच्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "अगं, हात गार पडलेत माझे." खरंच गार होते. हात चोळून गरम केले, खुर्चीत टेकवून पाच मिनिटं गप्प बसवलं, मधल्या बोटाला पुन्हा लावला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. ९५. गार बोट, नखाला रंग, हालणारा हात, नुकताच जिना चढून आलेला माणूस, यातलं काहीही आकडा बिघडवतं. उलट्या बाजूची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र काही वेळा असावी त्यापेक्षा जास्त पातळी दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तशी सूचनाच काढली होती. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, कल बघा. एरवी ९७ असणारा माणूस दोन दिवसांत ९४ वर उतरला तर डॉक्टरांना फोन, ९२ किंवा त्याखाली गेला तर थेट रुग्णालय. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्या आधीच विचारून ठेवाव्या लागतात. आणि आकडा चांगला असूनही माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर आकडा बाजूला ठेवून निघा.

कोरोनात कित्येकांचं पहिले चार-पाच दिवस बरं चालायचं आणि बिघडायचं ते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे तोवर 'चला, सुटलो' म्हणून सैलावलेले असायचे. तारखा कागदावर हव्यात त्या यासाठी. लक्षण कुठल्या दिवशी सुरू झालं हे नक्की माहीत नसेल तर औषधाचीही वेळ चुकते. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. कोरोनावरचं निर्माट्रेल्विर-रिटोनाविर लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत घ्यावं लागतं, आणि ते कोलेस्टेरॉलच्या व रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशी जुळत नाही. त्यामुळे वडील रोज काय काय घेतात त्याची यादी, मात्रेसकट, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असू दे. मोबाइलमधला फोटो पुरेसा वाटतो, पण ऐन वेळी मोबाइल घेऊन तुम्ही बाहेर गेलेले असता.

आणि एक, हे तुमच्या वडिलांच्या मधुमेहामुळे मुद्दाम सांगते. घरच्या घरी स्टेरॉइड सुरू करू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. डेक्सामिथासोन या स्टेरॉइडने जीव वाचतात हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीतून जून २०२० मध्ये कळलं, पण ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता त्यांचे. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. साखर मात्र त्याने भडकते, हे तर आधीपासून माहीत होतं.

या सगळ्यात आई-वडिलांना काय हवंय ते विचारलंत का? ते लहान मूल नाहीत. आम्ही बाबांना सुरुवातीला एका खोलीत बसवलं, ताट दारात, बोलणं दारातून. काही आठवड्यांतच त्यांची चाल मंदावली, बोलणं आटलं. उतारवयात अंथरुणाला खिळण्याची किंमत फार लवकर मोजावी लागते. धडधाकट वृद्धांना प्रयोगासाठी १० दिवस पलंगावर ठेवलं तर त्यांच्या पायांतला जवळजवळ किलोभर स्नायू गेल्याची नोंद आहे. शेवटी बाबाच म्हणाले, की मला धोका माहीत आहे, पण सकाळी मोकळ्या हवेत फिरणं आणि नातीशी अंतर राखून गप्पा एवढं मी सोडणार नाही. ऐकून माझा जीव खालीवर झाला. पण तो निर्णय त्यांचा होता, आणि विचार केला तर शहाणपणाचाही. मोकळ्या हवेत धोका कमीच असतो. तुम्हीही विचारा: कशाची जोखीम घ्यायला तुम्ही तयार आहात, कशाची नाही? वेळ आलीच तर रुग्णालयात किती उपचार हवेत, व्हेंटिलेटरबद्दल काय वाटतं? हा विषय काढताना जीभ अडखळते. आमच्याकडे तर बाबांनीच तो आमच्यापेक्षा सहजपणे काढला. म्हातारी माणसं यावर आपल्याआधी विचार करून बसलेली असतात, आपण विचारायची वाट बघत.

'माझ्यामुळे' या शब्दाबद्दल. कोरोना झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो पसरवू शकत होता, आणि काहींना तर लक्षणं कधी आलीच नाहीत. जे स्वतःला दिसत नाही, समजत नाही, ते घरी आणल्याचा गुन्हा कुणाच्या नावावर लिहिणार? निष्काळजीपणा वेगळा. अंगात कणकण असताना आईच्या शेजारी जाऊन बसलात, तर तो तुमचा दोष. पण पोटासाठी बाहेर पडणं हा दोष नाही, आणि तुम्ही कमावून आणता त्यातूनच त्यांची औषधं येतात.

बातम्या दिवसातून एकदा बघा, शक्यतो दुपारी. झोपताना अजिबात नाही. एवढंच त्याबद्दल. छाती सतत धडधडत असेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर तुमच्यासाठी डॉक्टर गाठा. त्यात संकोच नको, घरात शुद्धीवर असलेला एक माणूस लागतो.

राहता राहिला भाऊ. सूचना देणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच हवालदिल असतो, लांब असल्यामुळे हाताला काही काम नसतं म्हणून तोंड चालतं. त्याला काम द्या. विम्याची कागदपत्रं त्याच्याकडे. कुठल्या रुग्णालयात जागा आहे, रुग्णवाहिकेचे नंबर चालू आहेत का, हे शोधणं त्याच्याकडे. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी आई-वडिलांना व्हिडिओ फोन, तोही त्याच्याकडे, आणि तो करताना चेहरा, बोलण्याची लय, धाप, आठवण यांवर लक्ष ठेवायचं हे त्याला नीट समजावून सांगा. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला न जाणवलेला फरक त्याला जाणवेल. आमच्याकडे हे काम नणंदेकडे होतं. तिचे सूचनांचे मेसेज पूर्ण थांबले असं नाही म्हणणार, पण निम्म्यावर आले.