दोन फायली, एक वही

ताई, अपंग मुलासाठी आणि विसराळू होत चाललेल्या सासूबाईंसाठी सरकारी मदतीचे अर्ज करायचे, तर दोघांचे कागद आजच वेगळे करा. एकाच पिशवीत राहिले की ऐन खिडकीपाशी हवा तोच दाखला सापडत नाही. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर अर्ज आलाच नाही, असं सांगणं फार सोपं जातं.

अर्जात मुलाबद्दल लिहिताना मात्र जीव घट्ट करावा लागतो. आपण आईबाप, "तो सावकाश जेवतो" असं मायेनं लिहून जातो. त्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. घास भरवायला किती वेळ लागतो, ठसका लागतो का, रात्री किती वेळा कूस बदलून द्यावी लागते, हे लिहा. तेही त्याच्या वाईट दिवसाचं. त्यात त्याचा कमीपणा नाही.

नकार आला तर कारण लेखी मागा, अपिलाची मुदत त्याच दिवशी वहीत टिपा. तोंडी "होणार नाही" याला मी नकार मानतच नाही. आणि सासूबाईंना नीट समजतंय, सही करता येतेय, तोवर त्यांच्या वतीने कामं करता यावीत म्हणून अधिकारपत्र (मुखत्यारपत्र) करून घ्या. विसराळूपणा वाढल्यावर तेच काम फार अवघड होतं.