रडलेलं बोरन्हाण

"मॅडम, आधी हे बघा," खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला.

मी लहान मुलांच्या पालकांचं समुपदेशन करते. दिवाळीनंतर माझ्याकडे फटाक्यांचे व्हिडिओ येतात आणि संक्रांतीनंतर बोरन्हाणाचे. हा डोंबिवलीतल्या एका घरातला. मागे काळा पडदा, त्यावर कागदी पतंग. रांगोळीने सजवलेल्या पाटावर २२ महिन्यांची मुलगी. अंगात जरीचं काळं परकर-पोलकं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, दंडाला बाजूबंद. भोवती तीसेक माणसं. कुणीतरी "एक, दोन, तीन" म्हणालं, वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या कोसळल्या आणि मुलीने टाहो फोडला. मुकुट भिरकावला, हार ओढून तोडला. मणी वेचायला धावलेल्या पोरांच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली.

आई तिशीतली. तिला आपण मृण्मयी म्हणू, लेकीला चिऊ. दोन्ही नावं अर्थातच खरी नाहीत.

"माझी मुलगी नॉर्मल आहे ना?" तिने विचारलं. नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमचा तर तासभर हलला नव्हता पाटावरून!" त्यावर शेजारच्या एका ताईंनी हळूच 'ऑटिझम वगैरे बघून घे' असं सुचवलं होतं. मृण्मयी तीन रात्री फोनवर तेच वाचत बसली होती.

अशा वेळी 'काही नाही हो, मुलं रडतातच' म्हणून मी आईला वाटेला लावत नाही. भीती एकदा मनात शिरली की थापटून जात नाही. म्हणून आधी सरळ प्रश्न विचारले. हाक मारली की वळून बघते का? हवी ती वस्तू, किंवा नुसतंच काही गमतीचं दिसलं, तर बोट करून दाखवते का? दोन शब्द जोडते का? बाहुलीला भरवल्यासारखं करते का?

"हो. कबुतर दिसलं की मला ओढत नेते खिडकीत. 'आई बघ', 'बाबा गेला' म्हणते. बाहुलीला तर औषधसुद्धा पाजते."

"मिक्सर लावल्यावर कान झाकते?"

"पळत येऊन मला चिकटते. मग म्हणते, मी लावू."

शब्दच नाहीत, बोटाने दाखवणं नाही, हाकेला वळणं नाही, असं काही तिने सांगितलं असतं तर मी तिला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांनी भरायची एक चाळणी-प्रश्नावलीही असते, ती भरून घेता येते. पण फक्त एका संध्याकाळच्या रडण्यावरून ऑटिझम ठरत नाही, आणि या मुलीच्या बाकीच्या खुणा ठणठणीत होत्या.

"नणंदेचा मुलगा केवढा होता तेव्हा?"

"सहा-सात महिन्यांचा असेल."

इथे मला हसू आलं. परक्या माणसांची भीती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात डोकं वर काढते आणि पुढे बरेच महिने टिकते. त्याच्या आतलं बाळ बसवलं तिथे गणपतीसारखं बसतं. म्हणून तर पहिल्या संक्रांतीची बोरन्हाणं बऱ्याचदा सुखरूप पार पडतात आणि दुसऱ्या वर्षी घोळ होतो. दुसऱ्या वर्षी मूल माणसं ओळखायला शिकलेलं असतं, म्हणजेच कोण आपलं नाही तेही त्याला कळायला लागलेलं असतं.

मग मी आवाज बंद करून तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज गेला की आपलं लक्ष रडण्यावरून मुलाच्या डोळ्यांकडे जातं. चिऊ रडायच्या आधी जवळजवळ वीस सेकंद मान वळवून शोधत होती. डावीकडे आत्या, उजवीकडे फोटोग्राफर, समोर पोरं. मग तिची नजर थेट कॅमेऱ्यावर येऊन थांबली. तिथून हलेना.

"शूटिंग कोण करत होतं?"

मृण्मयी गप्प झाली. "मीच," म्हणाली. मग मी आवाज लावला. मागून तिचाच आवाज येत होता, "चिऊ, इकडे बघ, आईकडे बघ!" लेक बघतच होती. तिला आईचा आवाज ऐकू येत होता, पण जिथून तो येत होता तिथे एक काळा चौकोन होता.

घाबरायचं की नाही, हे लहान मूल आईच्या चेहऱ्यावरून ठरवतं. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी आयांना नेहमी सांगते. वर्षाच्या बाळांना एका काचेवरून रांगत जायचं होतं. पुढे काचेखालचा तळ खोल गेल्यासारखा दिसत होता. पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. चिऊला हसरा चेहरा दिसला नाही आणि घाबरलेलाही नाही, तिला चेहराच दिसला नाही.

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दोष देण्याचा माझा हेतू नव्हता. नवरा पाहुण्यांच्या चहात अडकला होता, फोटोग्राफर उशिरा आला होता, आणि मुलीची एकही गोष्ट हातची जाऊ नये म्हणून ती बिचारी फोन धरून उभी होती. तरी विचारलं तेव्हा बाकीचं बाहेर आलंच. चिऊ दुपारी झोपलीच नव्हती. पाचला ठरलेला कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. पोलक्याची जर काखेत टोचत होती. रात्री कपडे काढले तेव्हा गळ्याभोवती लाल पुरळासारखी रेघ होती.

ती रेघ हलव्याची. विकतच्या हलव्याला नावापुरताच काटा असतो. हा घरचा होता आणि त्याची गोष्ट पुढच्या भेटीत कळली, कारण त्या भेटीला सासूबाई आल्या. थोड्या फुरंगटलेल्याच होत्या.

"आठ दिवस मंद शेगडीवर परात ठेवून बसले हो मी. चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठे एकेका दाण्याला काटा फुटतो. बोटं भाजली माझी. आणि हिने दोन मिनिटांत हार तोडला." त्यांनी बोटं दाखवली. खरंच लाल होती.

काकूंना त्या दिवशी राग आला होता आणि तो त्यांनी सुनेवर काढला होता, 'तुम्ही हिला माणसांत नेत नाही' म्हणून. मृण्मयीची अर्धी भीती त्या वाक्यातून आलेली. मी काकूंना म्हटलं, तुमचा काटा इतका छान फुटला की नातीच्या गळ्यात घुसला. त्या आधी चमकल्या, मग हसल्या.

मृण्मयीने मधेच विचारलं, "तिला यातलं काही आठवणार नाही ना? मग करायचंच कशाला?"

हा प्रश्न मला आवडतो. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यामुळे आठवणार नाही हे खरंच. पण 'लहान मुलांना काय कळतंय, सणबिण बंद करा' म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. बारसं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण, सगळे मुळात मोठ्यांचेच सोहळे. आज्जीला हौस आहे, आईला हौस आहे, आणि ती मोकळेपणी कबूल करायला हरकत नाही. फक्त तेव्हा मुलाने आपल्या हौसेसाठी हसरं राहावं ही अट काढायची.

पुन्हा करावं हे मी सुचवलेलं नाही. काकूच म्हणाल्या, "रथसप्तमीपर्यंत चालतं की बोरन्हाण." त्या वर्षी (२०२६) रथसप्तमी २५ जानेवारीला होती, म्हणजे चारच दिवसांवर. मी दोन गोष्टींवर मात्र अडून बसले. वेळ सकाळची, न्याहारी झाल्यावरची. आणि ताटात गोळ्या, शेंगदाणे, अख्खी बोरं नकोत. चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा किंवा बोराची आठळी अडकू शकते, आणि जमिनीवर पडलेलं सगळं मुलं आधी तोंडातच घालतात. नुसते चुरमुरे ठेवा म्हटलं. काकूंनी शास्त्रापुरतं एक बोर औक्षणाच्या तबकात ठेवायची परवानगी मागून घेतली.

पुढचं मृण्मयीने फोनवर सांगितलं. शेजारची तीनच मुलं होती. चिऊला दोनदा धुतलेलं मऊ काळं झबलं. ती आईच्या मांडीवर, आई पाटावर. ओवून दुरुस्त केलेला हलव्याचा हार आज्जीच्या गळ्यात, कारण चिऊने तो तिथे घालायला लावला. निरांजन तोंडाजवळ आल्यावर ती रडलीच, मग काकूंनी हातभर लांबूनच ओवाळलं. चुरमुरे पहिल्यांदा बाबाच्या डोक्यावर. चिऊ बघत राहिली. मग आज्जीच्या डोक्यावर. मग तिने स्वतःच वाटीत हात घातला आणि मूठभर आपल्याच डोक्यावर टाकले.

फोटो एकच निघाला, नवऱ्याने काढलेला, आणि तोही हललेला. त्यात मृण्मयीचं अर्धं तोंड आहे आणि चिऊच्या कानावर एक चुरमुरा.

मार्चमधल्या दुसऱ्या वाढदिवसाचा हॉल तेवढा राहिला होता. आगाऊ पैसे गेलेत म्हणून नवरा तो सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, ठेवा हॉल, पण केक सकाळी घरी कापा आणि संध्याकाळी हॉलमध्ये ती कंटाळली की कुणीतरी एकाने तिला घेऊन बाहेर पडायचं, ते कोण हे आधीच ठरवा. त्या दोघांचं यावर काय ठरलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण काकूंचा परवा फोन आला होता. तक्रार करत होत्या. रोज संध्याकाळी बाबा कामावरून आला की चिऊ त्याला जमिनीवर बसवते आणि डोक्यावर जे हाताला लागेल ते ओतते. "काल तर तूरडाळ हो! कॉटखालून वेचतेय मी अजून."