कवचातले औषध आणि मुलीची पुढची वाट

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या, सूक्ष्म कवचात औषध बंद करण्याच्या तंत्रावर तिने एक व्याख्यान ऐकले आणि तेव्हापासून तिला त्यातच काम करायचे आहे. एक खासगी संस्था ‘नॅनोमेडिसिन’ या नावाची पदव्युत्तर पदवी देते, मात्र तिच्या शुल्कासाठी कर्ज काढावे लागेल. नातेवाईक म्हणतात, नव्याने बी.फार्म. करावे, नाहीतर बी.एड. करून मोकळे व्हावे. आम्ही काय करावे? (एक वडील, बार्शी)

उत्तर : सप्रेम नमस्कार. कर्जाचा प्रश्न आधी निकाली काढतो. त्या पदवीसाठी कर्ज काढू नये. कवचबंद औषधांचे काम रसायनशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही वाटांनी आलेली माणसे करतात, आणि मुलाखतीत विचारले जाते ते या मूळ विषयांतले, अभ्यासक्रमाच्या नावातले नव्हे.

हे काम नेमके काय, ते आपल्या घरातल्याच एका वस्तूवरून सांगतो. पित्तावरची ओमेप्रॅझोलची कॅप्सूल उघडली की आत बारीक, पांढरट दाणे दिसतात. हे औषध जठरातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून प्रत्येक दाण्यावर अशा पॉलिमरचा थर चढवलेला असतो, जो आम्लात विरघळत नाही आणि लहान आतड्यात, जिथे आम्लता कमी होते, तिथे विरघळतो. दाणे चावू नयेत असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे ल्युप्रोलाइड पूर्वी रोज टोचावे लागे. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेल्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत ते बंद केल्यावर महिन्यातून एक इंजेक्शन पुरेसे झाले, आणि अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. औषध सोडता सोडता तो पॉलिमर शरीरात विघटित होऊन पुन्हा त्याच दोन आम्लांत रूपांतरित होतो. रुग्णाच्या महिन्याभराच्या सुया वाचवणारे हे रसायनशास्त्र आहे, त्यामुळे आपल्या मुलीला त्याची ओढ वाटली याचे मला नवल वाटत नाही.

औषधांपलीकडेही हे तंत्र पोहोचले आहे. ई-बुक वाचण्याच्या यंत्राचा पडदा म्हणजे काळे-पांढरे कण भरलेल्या सूक्ष्म कवचांचा थर असतो. कीटकनाशके आणि कपड्यांच्या धुलाईतील सुगंधही कवचबंद करून विकले जातात. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्मप्लास्टिकवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणण्याचा नियम केला, त्यामुळे निसर्गात विघटित होणाऱ्या कवचांचा शोध आता उद्योगांनाही घ्यावा लागत आहे. मुलगी शिकून बाहेर पडेल तेव्हा हे काम संपलेले नसेल.

आता शिक्षणाचे. एम.फार्म.साठी बी.फार्म. अनिवार्य असल्यामुळे बी.एस्सी.नंतर तो रस्ता धरायचा तर आणखी चार वर्षे मागे जावे लागेल; मला ते पटत नाही. तिने एम.एस्सी. रसायनशास्त्रातच करावी आणि शक्य असेल तिथे पॉलिमर किंवा भौतिक रसायनशास्त्राकडे वळावे. त्यासाठी तिसऱ्या वर्षात आयआयटींतील एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी. आयआयटीत प्रवेश मिळाल्यास शुल्काचा भार त्या खासगी संस्थेच्या तुलनेत पुष्कळ हलका राहील. पुढे संशोधन करायचे ठरले तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपयांची आहे, आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था ही पॉलिमरवर दीर्घकाळ काम झालेली ठिकाणे आपल्या राज्यातच आहेत. नोकरी लगेच हवी असेल तर औषध कंपन्यांतील फॉर्म्युलेशन (औषधाला गोळी-कॅप्सूलचे रूप देणारा) आणि विश्लेषण विभाग एम.एस्सी. झालेल्यांना घेतात. बी.एड. वाईट नाही, पण ते तिचे उत्तर नाही. गणित मात्र तिने सोडू नये, कारण कवचातून औषध किती वेगाने बाहेर येते हा शेवटी विसरणाचा, म्हणजे रेणू हळूहळू पसरत जाण्याचा प्रश्न आहे, आणि तो समीकरणांनी सुटतो.

तिची आवड व्याख्यानापुरती आहे की टिकणारी, हे आपण दोघांनीही खर्चाआधी पाहून घ्यावे. समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट हे स्वस्त पॉलिमर आहे. त्याच्या दोन टक्के द्रावणात रंग मिसळून सिरिंजने थेंब-थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की थेंब पडताक्षणी त्याभोवती कवच धरते आणि मोत्यासारखा मऊ मणी तयार होतो. तिने अर्धे मणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे आणि अर्धे खाण्याच्या पिवळ्या रंगाचे करावेत. पिवळा रंग कॅल्शियमच्या द्रावणातच बराचसा निसटलेला दिसेल. निळा मण्यात अडकून राहील, कारण त्याचा धनभार अल्जिनेटच्या ऋणभाराला धरून असतो. मग निळे मणी एकदा साध्या पाण्यात आणि एकदा मिठाच्या पाण्यात ठेवावेत, दर दहा मिनिटांनी महाविद्यालयातील कलरिमीटरवर (द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणावर) वाचन घ्यावे आणि बाहेर आलेला रंग वेळेच्या वर्गमुळासमोर आलेखावर मांडावा. औषधाच्या संथ विमोचनाचा अभ्यास करणारेही असेच आलेख काढतात.

पहिल्या खेपेला मणी वेडेवाकडे होतील, वाचने जुळणार नाहीत. तेव्हा ती चिडून उठते की सिरिंजची सुई बदलून पुन्हा बसते, एवढे आपण पाहावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तिने प्रयोगशाळेतील सरांची परवानगी काढावी, आणि आलेख तयार झाले की त्यांची प्रत, चुकलेल्या वाचनांसह, मला पाठवावी. कोणत्या शाखेकडे वळावे हे त्यानंतर आपण तिच्याशी बोलूनच ठरवू.