बाटलीआधी बटणांचं विचारा

तुमच्या नववीतल्या मुलाने मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकाचा दात पाडला. संध्याकाळी दप्तर उपसलं तर पाण्याच्या बाटलीला दारूचा वास. वडिलांनी पट्टा काढला. आणि तुम्ही विचारता, "ताई, दारू सुटली की मारामारीही थांबेल ना?"

तेवढ्याने थांबेल असं मला वाटत नाही. दारूचा हात यात आहेच. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, आणि दारू नेमका तोच लगाम सैल करते. त्यात या वयात पेंग आणि झोकांड्या सहसा उशिरा येतात, त्यामुळे पोरगं "मला चढतच नाही" म्हणत पीत राहतं.

पण तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. सातवीत असताना त्याच्या शर्टाची बटणं सारखी तुटायची, लावून लावून तुम्ही कंटाळलात. मी तिथेच अडकले. बटणं धुण्यात तुटतात, मान्य. पण दर आठवड्याला, आणि वरची दोनच? कुणीतरी त्याची कॉलर धरत होतं, असा मला दाट संशय आहे. मार खाणारी मुलंही दारूकडे वळतात: भीती बोथट करायला, शाळेत पाय टाकायचं बळ यावं म्हणून. मग एक दिवस तीच मुलं हात उचलतात. माझा अंदाज चुकूही शकतो; विचारून बघा.

विचारायचं ते तो शुद्धीत असताना, वडील समोर नसताना. बाटलीपासून सुरुवात करू नका. "तेव्हा तुझी बटणं कोण तोडायचं रे?" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. तो उठून गेला तरी चालेल, चार दिवसांनी परत विचारा.

पट्टा मात्र आजपासून बंद. 'ज्याच्या हातात जोर त्याचं खरं' हे तो शाळेत शिकलाच आहे, घरी उजळणी नको. बाटलीत दारू आली कुठून हेही बघा. घरातल्या कपाटातून असेल तर कुलूप आधी लावा. रोज लागत असेल तर डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगा. शाळेच्या समुपदेशकांना दोन्ही गोष्टी एकत्रच सांगा, नाहीतर शिक्षा होईल आणि जुनं प्रकरण तसंच राहील.

आणि ज्याचा दात पडला त्याच्या घरी मुलाला घेऊन जा. आधी फोन करून, त्यांना चालणार आहे का ते विचारून.