आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरंच

निफाड तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांपूर्वी १९९८ सालची टाटामोबाईल २०७ पिकअप ९५,००० रुपयांना घेतली. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘गाडी आहे त्या स्थितीत दिली, यापुढील सर्व जबाबदारी घेणाराची’ असं लिहिलं आहे. गाडी अजून नावावर झालेली नाही. पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) नेली, तर इंजिन नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, जुळत नाही म्हणून परत पाठवली. विकणारा म्हणतो, मला काही माहीत नाही. एजंट म्हणतो, चार हजार द्या, आरसीवरचा नंबर इंजिनावर पंच करून (ठोकून) आणतो. काय करावं?

आधी एजंटला नाही म्हणा. आजच, आणि शक्यतो लेखी. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पुरतील.

तुमच्या हातून आजवर फार तर निष्काळजीपणा झाला आहे. नंबर पंच केलात की तो गुन्हा होईल. हे इंजिन उद्या चोरीच्या गाडीचं निघालं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली पहिला प्रश्न येईल: माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं का, किंवा तसं मानायला कारण होतं का? प्रामाणिकपणे फसलेल्या माणसाकडे याचं उत्तर असतं. नंबर बदलून घेतलेल्याकडे नसतं. आणि नवा ठोकण्याआधी खरवडलेला जुना नंबर जातो असंही समजू नका. ठोशाचा दाब धातूत खोलवर उतरलेला असतो; फॉरेन्सिक लॅबमध्ये आम्ल लावून तो पुन्हा वर आणतात.

आता इंजिनाकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंपैकी पहिल्यातली उठावदार अक्षरं ब्लॉक ओततानाच आलेली आहेत. तो कास्टिंग नंबर, इंजिन नंबर नव्हे. या गोंधळात पुष्कळ लोक विनाकारण घाबरतात. दुसऱ्या फोटोतला, ग्रीसखाली अर्धवट दिसणारा, ठोकून उमटवलेला नंबर मात्र खरा. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो पुसा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर जवळही आणू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. आरटीओत चासी नंबरचा छाप घेतात, तसाच.

त्या नंबरची सुरुवात ४९७ अशी आहे. तुम्ही तो साधा अनुक्रमांक समजलात, पण टाटाच्या जुन्या इंजिनांत सुरुवातीचे आकडे इंजिनाची जात सांगतात: ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणजे २९५६ सीसी. तुमच्या आरसीवर सीसी १९४८ आणि इंजिन नंबरच्या सुरुवातीला ४८३ आहे. ४ सिलिंडर, ८३ चा बोअर. (मी मेकॅनिक नाही, वर्षानुवर्षं अपघात दाव्यांच्या फाइली चाळून एवढं आपोआप कळायला लागतं.) म्हणजे कोणीतरी टाटा ४०७ ट्रकच्या घराण्यातलं मोठं इंजिन बसवलंय. चढावर गाडी ‘फार छान ओढते’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच.

कायद्यात याच्या दोन अडचणी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगीने बदलून नवा नंबर आरसीवर चढवता येतो. वेगळ्या प्रकारच्या इंजिनाला परवानगी मिळेल असं मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. दुसरी अडचण कलम ५५(५) ची: गाडीवरचा इंजिन किंवा चासी नंबर आरसीपेक्षा वेगळा दिसला, तर म्हणणं मांडायची संधी देऊन आरटीओ नोंदणीच रद्द करू शकतं. एजंटला नेमकं हेच कलम माहीत नसतं, किंवा माहीत असूनही तो बोलत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही टाकून पाहा आणि जो निकाल येईल तो छापून ठेवा. चोरीची नोंद निघाली, तर गाडी जागेवरून हलवू नका; वकिलाला घेऊन ठाण्यात जा आणि स्वतःहून लेखी जबाब द्या. गाडी जप्त होईल. न्यायालयातून सोडवून घेता येते. वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असं सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. चोरीचं इंजिन मात्र मूळ मालकाचंच राहील.

नोंद निघाली नाही, तर विकणाऱ्याला पकडा. ‘आहे त्या स्थितीत’ या ओळीला तो चिकटून बसेल. फसवणुकीपुढे ती ओळ टिकत नाही. करार कायद्याच्या कलम १९ खाली तुम्ही व्यवहार रद्द करू शकता. पण त्याच कलमात त्याच्याकरिता एक फट आहे. तो नुसता गप्प बसला असेल, किंवा खोटं आहे हे माहीत नसताना चुकीचं बोलला असेल, आणि साध्या तपासणीत तुम्हाला खरं कळलं असतं, तर व्यवहार रद्द करण्याचा हक्क उरत नाही. नंबर पाहणं ही साधीच तपासणी. त्यामुळे तो जाणूनबुजून खोटं बोलला होता का, यावर सगळं आहे. तुम्ही लिहिता, सौद्याच्या आदल्या रात्री त्याने ‘इंजिन कंपनीचं आहे, खोललेलं नाही’ असा व्हॉइस मेसेज पाठवला होता. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती. तो मेसेज डिलीट करू नका, तो फोनही विकू नका.

तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. आरसी अजून त्याच्या नावावर आहे. अपघात झाला, तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाईचा दावा त्याच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार निकालाने हे पक्कं केलंय. विकणाऱ्याला पाठवायच्या नोटिशीत हे साध्या शब्दांत लिहिलं की ‘मला माहीत नाही’ म्हणणारी माणसं बोलायला बसतात. १५ दिवसांची मुदत द्या: पैसे परत, नाहीतर त्याच्या खर्चाने कागदपत्रांसह ४८३ चं इंजिन आणि आरटीओची परवानगी. माझा कल पैसे परत घेण्याकडे आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीसाठी पक्क्या बिलाचं ४८३ शोधत भंगारबाजार फिरण्यात वर्ष जाईल. ग्राहक आयोगाचा विचार सोडा. हा दोन खाजगी माणसांमधला सौदा आहे, दिवाणी दावा तीन वर्षांत लावता येतो.

नावावर करायची ३० दिवसांची मुदत उलटली आहे, दंड लागेल. तरी इंजिन जुळतं असं सांगून अर्ज करू नका.

आणि तोवर गाडी बाहेर काढू नका. पासिंग नाही, पॉलिसीवर इंजिन वेगळं. पिंपळगावच्या रस्त्यावर कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी या दोन्ही गोष्टी पुढे करील. यंदाचा टोमॅटो भाड्याच्या गाडीने मार्केटला जाऊ द्या, आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा. दाव्यात नुकसानभरपाई मागताना लागतील.