सत्र संपताना: परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

सांगली,
१५ फेब्रुवारी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जर्मनीतले तुझे हिवाळी सत्र संपत आले, व्याख्याने आटोपली, दोन परीक्षा राहिल्या आणि मार्चअखेर तू परत येशील, हे कळले. 'सर, पाच महिन्यांत काय मिळाले असे कुणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही,' असे तू लिहिले आहेस. त्या वाक्यामुळे मी काळजीत पडलो नाही, उलट मला बरे वाटले, कारण या घटकेला ज्याला हे उत्तर अडखळल्याशिवाय देता येते, त्याने ते बहुधा जाण्यापूर्वीच तयार करून ठेवलेले असते.

माझे मूळ घर सांगलीजवळच्या हरिपूरचे, हे तुला माहीत आहे. तेथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे ते खोल खड्डे २००५च्या महापुरात फार मोठ्या प्रमाणावर निकामी झाले, पण माझ्या लहानपणी ते वापरात होते. पेव उघडले की आमचे काका कुणालाही लगेच आत उतरू देत नसत. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून तोंड उघडे ठेवून बराच वेळ थांबायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा, आणि तो तळाशी नीट जळत राहिला तरच माणूस उतरायचा. व्यापारी काठावर घाई करीत उभा असला, तरी काका त्याचे ऐकत नसत. तुझ्या सत्राचेही तसेच समज. तू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच शेजारीपाजारी आणि नातेवाईक 'कसं काय होतं तिकडं?' असे प्रेमाने विचारतील. त्यांना चार गोष्टी जरूर सांग. मात्र त्या चार गोष्टी म्हणजेच आपले सत्र, असे स्वतःला पटू देऊ नकोस.

हे मी अनुभवाने सांगतो. ऐंशीच्या दशकात मीही एक सहामाही तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत काढली. परत आल्यावर मी बर्फाची, वेळेवर सुटणाऱ्या गाड्यांची आणि प्रयोगशाळेतल्या भल्यामोठ्या जलवाहिनीची वर्णने इतक्यांदा केली की काही वर्षांनी मला तेवढेच आठवू लागले. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत माझी त्या काळातली सगळी एरोग्राम पत्रे सापडली. प्रत्येकात 'मी मजेत आहे, काळजी नसावी, मित्र पुष्कळ झाले आहेत' असाच मजकूर होता. त्याच दिवसांतली माझी खर्चाची वही माझ्याकडे होती, म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या. नोव्हेंबरचे सलग तीन आठवडे वहीत पाव, बटाटे, दूध आणि टपाल तिकिटे एवढ्याच नोंदी होत्या. ट्रामच्या तिकिटाची नोंद एकही नव्हती, कारण मी वर्गाखेरीज कुठेच गेलो नव्हतो आणि कुणाशी धड बोललोही नव्हतो. त्यानंतर एका ओळीत 'हातमोजे, १२ मार्क' असे लिहिलेले होते. ती ओळ वाचल्यावर मला आठवले की मार्कांचे रुपये करीत मी ते हातमोजे कित्येक दिवस घेतले नव्हते, आणि अखेर शेजारच्या खोलीतला एक विद्यार्थी मला हाताला धरून दुकानात घेऊन गेला होता. त्या दिवसापासून वहीत ट्रामची तिकिटे दिसू लागतात. माझे खरे सत्र त्या ओळीपासून सुरू झाले, आणि मी सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीत ती ओळ नव्हती.

म्हणून तुला माझे पहिले सांगणे असे की, निघण्यापूर्वीच्या या दिवसांत रोज अर्धा तास बसून, जे घरी सांगणार नाहीस ते आधी लिहून काढ. बँकेच्या नोंदी, तिकिटे, फोनमधले फोटो यांच्या तारखा समोर ठेव, कारण आठवण आपल्या सोयीने बदलते आणि तारीख बदलत नाही. डिसेंबरात दुपारी चारनंतर अंधार पडू लागला तेव्हा तुझे दिवस कसे गेले, दुकाने बंद असलेल्या रविवारी तू काय करीत होतीस, शेजारच्या खोलीतल्या मुलीशी पहिले खरे बोलणे कशावरून झाले, हे सगळे त्यात येऊ दे. वळणदार भाषेची गरज नाही.

आता तोंडी परीक्षेत मिळालेल्या ३.७ या श्रेणीबद्दल. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते; तुझा दुसऱ्या विषयातला १.३ पाहून एखादे काका हळहळतील आणि त्यांना समजावून सांगावे लागेल. ३.७ म्हणजे तू उत्तीर्ण झालीस, पण काठावर, आणि ते तुला लागले आहे. ते लागावे, असेच मला वाटते; मात्र कारण नीट शोध. 'भाषेमुळे झाले' असे तू लिहिले आहेस. ते थोडे खरे असेल, पण पूर्ण नसावे. आपल्या महाविद्यालयात जर्नल, सबमिशन, टर्मवर्क, अंतर्गत गुण, हजेरी यांच्या आधाराने विद्यार्थी सत्रभर पुढे ढकलला जातो. तिथे बहुतेक विषयांत हजेरी कुणी विचारत नाही, आठवड्याची गणिते तू सोडवलीस की नाही हे कुणी पाहत नाही, आणि शेवटच्या एका परीक्षेवर सगळी श्रेणी ठरते. आपण मागे पडलो आहोत हे तुला नाताळच्या सुट्टीत कळले, असे तू स्वतःच जानेवारीत लिहिले होतेस. कुणी विचारत नसताना आपण किती अभ्यास करतो, याचे खरे मोजमाप तुला विसाव्या वर्षी मिळाले, आणि माझ्या मते या सत्रातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ती भाषेच्या सबबीखाली झाकून टाकू नकोस.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण ते हलके घेऊ नकोस. तिथला एक क्रेडिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून साधारण ३० तासांचे काम. आपल्याकडे क्रेडिट मुख्यतः आठवड्याच्या तासिकांवर मोजतात. त्यामुळे नुसत्या गुणपत्रकावरून इथल्या विभागाला काही उमगणार नाही. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची अधिकृत पाने विद्यापीठाचे लॉगिन बंद होण्यापूर्वी उतरवून घे, आणि ऑक्टोबरात बदललेला विषय लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या संस्थांनी मान्य केलेल्या विषयांच्या करारात, दुरुस्त झाला आहे का ते पाहा. खोली सोडताना नगर कार्यालयात राहत्या पत्त्याची नोंदणी रद्द कर; विम्याचे आणि बँकेचे कळव; रेडिओ-दूरचित्रवाणीची घरटी १८.३६ युरोंची मासिक वर्गणी तुझ्या नावावर असेल तर तीही बंद कर, नाहीतर मागणीची पत्रे येत राहतील.

तू जर्मनीतल्या पासाऊ शहराहून पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या जिथे मिळतात, तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा सनांसह आहेत, आणि २०१३च्या पुराची खूण तू बोटाने दाखवली आहेस. खाली तू लिहिलेस, 'आपल्याकडे असे का नाही?' कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा, याचा मला फार आनंद झाला. परंतु प्रश्नाची ही मांडणी तू बदलावीस असे मला मनापासून वाटते. 'आपल्याकडे असे का नाही' हे वाक्य परदेशातून येणारा प्रत्येक जण बोलतो, ऐकणारा दुखावतो, आणि बोलणे तिथेच थांबते. आपल्याकडेही माणसे पूर विसरलेली नाहीत. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे इथला भाजीवालाही सांगेल, आणि पाणी किती फुटांवर आले की कोणत्या गल्लीत शिरते हे त्या त्या गल्लीला पाठ आहे. तेव्हा निघण्यापूर्वी शक्य असेल तर आणखी एकदा पासाऊला जा आणि विचार की जुन्या खुणा कशाच्या आधारे कोरल्या, त्यांची उंची आजच्या मोजणीशी कशी जुळवली, आणि त्यांची देखभाल कोण करते. याची उत्तरे आणलीस, तर आपण दोघे सांगलीच्या गावभागात फिरून घराघरांतून २००५ आणि २०१९च्या पातळ्या गोळा करू. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

शेजारच्या खोलीतल्या मुलीचा, आणि पहिल्या आठवड्यात तुला नोंदणीला घेऊन गेलेल्या त्या आजीबाईंचा निरोप प्रत्यक्ष भेटून घे. मला हातमोजे घ्यायला लावणाऱ्या त्या मुलाचा पत्ता मी लिहून घेतला नव्हता.

परवा गणपती पेठेत तुझी आई भेटली. 'बरी आहे ना हो ती? फोनवर सगळं छान आहे म्हणते,' असे त्यांनी विचारले. मी त्यांना ३.७चे सांगितले नाही, डिसेंबराचेही नाही. ते सांगणे तुझे आहे. रविवारी संध्याकाळी सहाला त्या तुला फोन करणार आहेत. तुझ्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असेल.

तुझे,
सर