केपटाऊनला अडकलाय म्हणजे काय?

प्रश्न: भाचा अंटार्क्टिकाला, भारताच्या मैत्री या संशोधन स्टेशनवर चाललाय, पण चार दिवस झाले केपटाऊनलाच आहे. ताई घाबरलीये, काही बिघडलंय का हो? – एक वाचक, मालवण

उत्तर: अहो काही बिघडलेलं नाही, ताईंना आधी पोटभर जेवायला सांगा. तिथून पुढचं विमान साधारण सहा तासांनी थेट बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं, आणि तिकडे वारा सुटला, ढग आले की पट्टीच दिसत नाही, मग हवा उघडेपर्यंत थांबायचं. नारळी पौर्णिमेआधी आपण होडी दर्यात घालतो का, तसंच. मीपण थांबलोय तिथे, जाड जाकीट नि बूट दाराशीच, फोन आला की निघायचं, आणि आईने दिलेल्या आमसुलांचा वास सगळ्या कपड्यांना. रोज एक फोन करा त्याला, पुढे इतकं सहज बोलणं होईलच असं नाही.